जुनी बुलेट किक घेईना? आधी अ‍ॅमीटरचा काटा बघा

जुनी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनवाली, पॉइंटची बुलेट. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे कॉन्टॅक्ट. सीडीआयवाली, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबीवाली असेल तर यातलं निम्मं लागू पडणार नाही. लोक काय करतात, दहा-बारा किका मारून दमले की थेट कार्बोरेटर खोलतात, आणि बिचाऱ्या कार्बोरेटरचा बऱ्याचदा काही संबंधच नसतो.

सगळ्यात आधी प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही किंवा गाडी ओव्हर झालीये, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलंय. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलकडे बघा, हा लेख नंतर वाचा. ओला निघाला तर पुसून कॅपला लावा, प्लगचं लोखंड सिलिंडरच्या फिनला टेकवा, चावी ऑन करून किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा बरं का, आतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर मरतुकडी असेल तर तिला करंट म्हणू नका, बाहेर दिसते पण आत कॉम्प्रेशनमध्ये मरते. नवीन प्लग टाकून एकदा बघाच, गॅप 0.5 ते 0.6 मिमी.

आता खरी गंमत. हेडलाइटच्या वर तो करंटची ये-जा दाखवणारा गोल अ‍ॅमीटर आहे ना, तो शोभेसाठी नाही. सगळ्या लाइट बंद करा, चावी ऑन करा, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी छोटी लिव्हर) दाबून किक हळूहळू खाली न्या, दोन-चारदा. पॉइंट बंद, म्हणजे एकमेकांना टेकलेले असताना कॉइलमधून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) करंट जातो म्हणून काटा थोडा मायनसकडे पडतो, पॉइंट उघडले की टुणकन मधे येतो. फोर स्ट्रोक आहे, त्यामुळे इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच हे होणार, घाई करू नका.

काटा हलतच नसेल, मधेच मेल्यासारखा उभा असेल तर करंट कॉइलपर्यंत जातच नाहीये किंवा पॉइंट चिकट-काळे झालेत. बॅटरीची टर्मिनल पांढरी पडलीत का बघा, फ्यूज बघा, अर्थची वायर फ्रेमला जिथे लावलीये तिथे खरवडून घट्ट करा. ह्या इंजिनला करंट बॅटरीतूनच मिळतो, त्यामुळे बॅटरी झोपली की किक मारून पाय तेवढा सुजतो.

आणि काटा कायम मायनसला पडलेला, परत येतच नाही? मग पॉइंट उघडत नाहीयेत, नाहीतर कुठेतरी शॉर्ट आहे. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. एका मिस्त्रीने कॉइल बदलली, कंडेन्सर (पॉइंटमधे ठिणगी उडू न देणारी छोटी डबी) बदलला, पैसे घेतले आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी रात्री टॉर्च लावून मी स्वतः बघितलं तर पॉइंटच्या वायरचा जो स्क्रू असतो त्याचं बारकं फायबर वॉशर चुकीच्या जागी बसवलेलं, वायरच्या टोकाची लग सरळ प्लेटला टेकत होती. पॉइंट उघडे असोत की बंद, करंट आपला अर्थ होतोय. वॉशर काढून नीट लावलं, दुसऱ्या किकला चालू!

काटा नीट हलतोय तरी ठिणगी नाही किंवा कमजोर आहे, तर पॉइंट साफ करा. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, मग पेट्रोलमधे भिजवलेला जाड कागद मधून ओढा. नवीन पॉइंट लावले तरी हे करा, त्यांना तेलाचा हात असतो. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप 0.35 ते 0.40 मिमी. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप आपोआप कमी होत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं, गाडी ओढत नाही, तापते. कॅमला ग्रीस लावा पण नखाएवढंच, जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिस मारते.

पॉइंटमधे चरचर मोठी ठिणगी उडत असेल, साफ केलेले पॉइंट चार दिवसात काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला. स्वस्त वस्तू आहे, एक जास्तीचा टूलबॉक्समधे ठेवा. गाडी गार असताना झकास आणि तापली की बंद, परत गार झाली की चालू, असं असेल तर कंडेन्सर नाहीतर कॉइल. चावी ऑन ठेवून चहाला जायची सवय असेल तर कॉइल जळणारच, कारण पॉइंट बंद असले तर करंट चालूच राहतो.

टायमिंग नेहमी गॅप सेट केल्यानंतर, आधी नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, चौथा गिअर, मागचं चाक हाताने फिरवा. टॅपेट कव्हर उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटाने फिरतायत ना बघा, म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन अगदी वर यायच्या 0.8 मिमी आधी पॉइंट नुकते उघडले पाहिजेत, ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) आत बसलेली असताना. उघडतात कधी ते परत काटाच सांगतो, किंवा पॉइंटमधे सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरा, सुटला की उघडले. चुकत असेल तर पॉइंटची प्लेट धरणारे बोल्ट ढिले करून प्लेट जराशी फिरवायची. किक उलटी मारते, घोटा सडकून निघतो? टायमिंग पुढे गेलंय किंवा अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात.

पावसाचं वेगळंच. ताम्हिणीत एकदा गाडी भर पावसात बंद पडली तेव्हा वर सांगितलेलं सगळं आठवत बसलो, आणि निघालं काय तर प्लग कॅपमधे पाणी. रुमालाने पुसलं, पॉइंटचं झाकण उघडून तेही कोरडं केलं, निघालो. तेव्हापासून जूनच्या आधी प्लग कॅप आणि जाडी वायर बदलून टाकतो, आणि एक कोरडं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवतो.