मृत्युपत्र केलंय, पण जुनं झालंय? या चुका टाळा

समजा, सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमागधारकाने 2012 मध्ये मृत्युपत्र केलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली शेड थोरल्याला, राहतं घर धाकट्याला, बँकेतली मुदत ठेव लेकीला. 2019 मध्ये धंदा परवडेना म्हणून शेड विकली आणि त्या पैशातून हडपसरला फ्लॅट घेतला. ठेवही मोडून दुसऱ्या बँकेत ठेवली. मृत्युपत्राला मात्र कुणी हात लावला नाही.

आता थोरल्याच्या वाट्याला काय? लिहून दिलेली नेमकी वस्तू मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल, तर ती देणगीच संपते. शेडच्या पैशातून घेतलेला फ्लॅट आपोआप थोरल्याचा होत नाही. फ्लॅटचा उल्लेखच नसल्याने तो वारसाहक्काने आई आणि तिन्ही मुलांत सारखा वाटला जातो. लेकीच्या कागदावर जुन्या बँकेचा ठेव क्रमांक असेल, तर तिचंही अडतं. बापाच्या मनात कुणावर अन्याय करायचं नव्हतं, तरी भावंडं कोर्टात समोरासमोर उभी राहतात. हे पाहवत नाही.

म्हणून मृत्युपत्रात एक वाक्य हवंच: ‘वर न लिहिलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मिळकत अमक्याला, किंवा अमक्या प्रमाणात.’ आणि घर, शेड, जमीन, ठेव यांत बदल झाला की कागदही बदला.

बदल करताना मोठी चूक होते ती पेनाने. कपाटातून मृत्युपत्र काढायचं, एक नाव खोडायचं, वर दुसरं लिहायचं. कायद्याने अशा खाडाखोडीला अर्थ नाही. त्या बदलापाशी तुमची आणि दोन साक्षीदारांची सही मृत्युपत्रासारखीच झाली, तरच तो धरला जातो. छोट्या बदलाला पुरवणी मृत्युपत्र चालतं, पण माझं मत विचाराल तर सरळ नवीन करा आणि सुरुवातीलाच ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं लिहा. नोंदणी सक्तीची नाही. तरी जुनं दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं असेल, तर नवंही नोंदवा. नवं साध्या कागदावरचं असलं तरी कायद्याने तेच टिकतं, पण नोंदवलेला जुना कागद हातात घेऊन भांडणारा कुणीतरी निघतोच. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज घराघरांत आहे. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, पण ते वारसांसाठी. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्यात नॉमिनी आई-वडील, जोडीदार किंवा मुलं असतील तर नियम वेगळा, तिथे रक्कम त्यांचीच होते. म्हणून बँक, पीएफ, विमा, सोसायटी या सगळ्यांतली नावं मृत्युपत्राशी ताडून बघा. लग्नाआधी पीएफला दिलेलं नाव लग्नानंतर बाद होतं, ते नव्याने द्यावं लागतं.

मोहोळ-बार्शीकडची वडिलोपार्जित जमीन अख्खी लिहून देता येत नाही, फक्त आपला हिस्सा. 2005 पासून मुलीही त्यात जन्माने हिस्सेदार आहेत. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद करून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक घरांत आडनाव आधारवर एक आणि मिळकत उताऱ्यावर दुसरं, असं झालेलं असू शकतं. दोन्ही रूपं मृत्युपत्रात लिहा.

साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला मात्र साक्षीला घेऊ नका, संशयाला जागा मिळते.

गड्ड्याच्या यात्रेला पुण्या-मुंबईची मुलं घरी येतात, तेव्हा मृत्युपत्र एकदा काढून वाचा. साक्षीदार आणि अंमलबजावणीसाठी नेमलेला माणूस हयात आहेत का, नवं नातवंड आलं का, कुणाचा घटस्फोट झाला का, एवढं बघा. मूळ प्रत कुठे आहे हेही त्या माणसाला सांगा. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ती तिथे ठेवू नका.