पोरं ऐकत नाहीत? छडी काढायच्या आधी हे करून बघा

रविवारी उपासना संपली की चर्चच्या बाहेर आयांचं एकच गाऱ्हाणं, "पोरगं ऐकतच नाही ओ." संडे स्कूल घेते म्हणून सगळ्या मलाच सांगतात, जशी काय माझी दोन्ही पोरं देवदूतच आहेत.

आता तो शब्दच बघा की, ऐकणं. कानानं ऐकणंही तेच आणि सांगितल्यासारखं वागणंही तेच. आमच्या शेजारची कन्नड आक्का पण पोराला 'मात केळ' म्हणूनच ओरडते. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात मुलांना आज्ञेत राहा म्हटलंय तिथला ग्रीक शब्दसुद्धा ऐकण्यापासूनच आलाय. म्हणून सुरुवात कानापासून करायची. कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून "अरे दप्तर उचल" असं सात वेळा आतनं ओरडायचं नाही, कारण सातव्यांदा उठलं तर ते तुमचं ऐकून उठत नाही, आता फटका बसणार हे कळतं म्हणून उठतं. गॅस बारीक करा, जवळ जा, नावानं हाक मारा, एकदाच सांगा आणि उचलेपर्यंत तिथंच उभं राहा. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला देवानं हाक मारली तेव्हा तीन वेळा त्याला कळलंच नाही, एली याजकानंच बोलावलं समजून उठून त्याच्याकडे पळाला, देवानं चौथ्यांदा हाक मारली पण चिडला नाही.

नियम कमी ठेवा. अख्ख्या इस्राएलला दहा आज्ञा पुरल्या, दोन खोल्यांच्या घरात चाळीस कशाला? आमच्याकडे तीनच आहेत, खोटं बोलायचं नाही, हात उगारायचा नाही, कुठं जाणार ते सांगून जायचं. केसाच्या कटिंगवरनं भांडत बसू नका.

पोरगं "नाही जात जा" म्हणालं तर लगेच अंगावर जाऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीत दोन मुलं आहेत, एक नाही म्हणतो आणि मागनं पस्तावून मळ्यात जातो, दुसरा हो म्हणतो आणि जातच नाही, बापाचं ऐकलं ते पहिल्यानंच. आमचा धाकटा दूध आणायला नाही म्हणतो, दहा मिनिटं पाय आपटतो, मग गुपचूप पिशवी घेऊन जातो. परत आल्यावर "गेलास ना शेवटी?" असं टोचायचं नाही, पुढच्या वेळी तो जाणार नाही.

आता छडी. पाच-सहा वर्षांपूर्वी मोबाईलवरनं मी थोरल्याला लाकडी पट्टीनं मारलं, जो छडी आवरतो तो पोराचा वैरी, हे नीतिसूत्रे 13:24 तोंडपाठ होतंच. मोबाईल काय सुटला नाही, पांघरुणात आवाज बंद करून बघूलाला एवढंच. सुगी झाल्यावर आमच्या शिवारात धनगर खतासाठी मेंढरं बसवायला येतात, त्यांची काठी एकदा नीट बघा. मेंढरू हरभऱ्याकडे वळलं की काठी बाजूला आडवी येते, पाठीत बसत नाही. नीतिसूत्रातल्या छडीला जो हिब्रू शब्द आहे, शेबेट, तोच 23व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीला आहे, आणि त्या काठीनं धीर येतो म्हणून दावीद गातो. आमच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, छडी म्हणजे छडीच म्हणतात. मी वाद घालत नाही, पण मारत नाही. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे.

मारायचं नाही म्हणजे सोडून द्यायचं असंही नाही हं. त्याच एली याजकाची पोरं वाईट वागत होती, त्यानं त्यांना नुसतं सांगितलं, आवरलं नाही, आणि घराणं बुडालं. शिक्षा चुकीलाच जोडलेली पाहिजे. धाकट्यानं एकदा चर्चमध्ये अर्पण टाकायला दिलेल्या दहा रुपयांचं भडंग खाल्लं, खिशात चिरमुरे सापडले. राग उतरेपर्यंत मी गप्प बसले, मग त्याला एकट्याला घेऊन विचारलं, त्यानं सांगितलं. आठवडाभर अंगण झाडून दहा रुपये मिळव आणि स्वतःच्या हातानं टाक म्हटलं. त्यानं टाकले. पाळकांना सांगितलं नाही, आजीला पण नाही. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढायचा नाही, येशूच्या गोष्टीतला उधळ्या पुत्र सगळा पैसा उडवून घरी आला, तेव्हा बापानं हिशेब मागितला नव्हता.

दोन गोष्टी मात्र करूच नका. शिक्षा म्हणून स्तोत्र पाठ करायला लावू नका, आयुष्यभर त्या स्तोत्राची शिसारी बसते. आणि "येशू बघूलालाय हं" म्हणून भीती घालू नका, तो काय चौकातला पोलीस नव्हे.

इफिसकरांच्या त्या वचनात आज्ञेत राहायचं पण 'प्रभूमध्ये' असं आहे, म्हणजे देवाला पटेल तेवढंच, हे पण शिकवा. मोठं माणूस, मग ते नात्यातलं असू दे की चर्चमधलं, नको तिथं हात लावत असेल किंवा "घरी सांगू नको" म्हणत असेल, तर तिथं ऐकायचं नाही, पळत येऊन सांगायचं. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन नंबर पोरांना पाठ पाहिजे.

आणि आपण चुकलो तर माफी मागायची. इफिसकरांच्या त्याच अध्यायात बापांना पण सांगितलंय, मुलांना चिडीस आणू नका, पण तेवढं वचन आम्ही हळू आवाजात वाचतो. थोरल्याजवळ बसून "त्या दिवशी मारलं ते चुकलं माझं" म्हणायला मला चार महिने लागले. तो मान खाली घालून बसला बराच वेळ, मग म्हणाला, "पट्टी कुठाय?" म्हटलं, पाण्याच्या चुलीत घातली. तर म्हणतो, "अगं आई, उद्या जॉमेट्रीचा पेपर आहे की!"