छप्पर वादळात गेलं, क्लेम कागदात अडकला: या चुका टाळा

मुंबईत गारा क्वचितच पडतात. पण मुंबईकराचं छप्पर एकच नसतं. कुणाचं निफाडला मळ्यातलं पत्र्याचं घर असतं, कुणाचे आईवडील लातूरकडे राहतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं राज्यात काय धिंगाणा घातला, हे गावाकडचं कुणीही सांगेल. शहरात ते काम वारा करतो. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला वाऱ्यानं ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. गार असो की वारा, विमा कंपनी विचारते ते एकच: नुकसान त्या दिवशीचं, की आधीपासूनचं? बहुतेक क्लेम इथेच लटकतात.

जुन्या गळतीला वादळाचं नाव देणं

वरच्या मजल्यावरच्या छताला दर जुलैत ओल येते. यंदा वादळ झालं, म्हणून फॉर्मवर 'वादळामुळे गळती' लिहून मोकळं व्हायचं. घराच्या पॉलिसीत वादळ, पूर, वीज कोसळणं, झाड पडणं हे सगळं येतं. झीज, गंज आणि वय झालेलं वॉटरप्रूफिंग येत नाही. नुकसान तपासायला विमा कंपनीकडून येणारा अनुभवी सर्व्हेअर आधी तुटलेल्या पत्र्याची कड बघतो. सिमेंटचा पत्रा ताजा फुटला असेल तर कड स्वच्छ, फिकट राखाडी असते. जुन्या चिरेत काळपट थर आणि शेवाळ दिसतं. लोखंडी पत्र्याचं भोक हुकाभोवती गंजून आधीच मोठं झालं असेल, तर वारा फक्त निमित्त ठरतो.

म्हणून मे महिन्यात, पावसाळ्याआधीची कामं काढाल तेव्हा छताचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सगळ्या फायलीत याच्याइतका वजनदार कागद दुसरा नसेल.

सर्व्हेअर यायच्या आत साफसफाई

वादळ ओसरलं की पहिला फोन जातो पत्रेवाल्याला. तो तुटके तुकडे गोण्यांत भरतो आणि संध्याकाळपर्यंत नवं छप्पर घालून देतो. सर्व्हेअरला मग बघायला काय उरलं? आधी कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. ताडपत्री टाकायला मात्र कुणाची वाट बघू नका, कारण नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. ताडपत्रीचं आणि मजुरीचं बिल जपा, तुटके तुकडे कोपऱ्यात रचून ठेवा.

गारा तर बघता बघता वितळतात. शेजारी नाणं ठेवून लगेच फोटो घ्या. पत्र्यावरचे पोचे सकाळच्या तिरक्या उन्हात चांगले उठून दिसतात. फोटोसाठी सिमेंटच्या पत्र्यावर पाय मात्र ठेवू नका. पत्रा फुटून माणूस थेट खाली येतो. शेजारच्या गच्चीवरून काढा.

गच्ची कुणाची, हे न बघणं

गच्ची सोसायटीची. तिच्यातून पावसाचं पाणी झिरपून वरच्या फ्लॅटचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. तेव्हा स्वतःच्या पॉलिसीच्या क्लेमला सबंध गच्चीचं कोटेशन जोडण्यात अर्थ नाही. इमारतीचा विमा सोसायटीच्या नावे आहे का, हे सेक्रेटरींना आजच विचारा. "बघायला लागेल," असं उत्तर आलं, तर नाही असंच समजा. बिनपरवानगी शेडच्या भरपाईवर तर अजिबात विसंबू नका.

रकमेचे घोळ

१ एप्रिल २०२१पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. विमा बांधकामाचा असतो, जागेच्या भावाचा नाही. समजा कार्पेट एरिया ५०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला ३,००० रुपये, तर विम्याची रक्कम झाली १५ लाख, मग फ्लॅट दीड कोटीला जात असला तरी. बांधकामाचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळतं. मलबा उचलण्यासाठी क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. ते मागायचंच लोक विसरतात.

कोटेशन जे गेलं त्याचंच घ्या. सिमेंटचे पत्रे गेले आणि कोटेशन रंगीत कोटिंगच्या पत्र्यांचं, तर फरक तुमच्या खिशातून जाणार. पत्रे, परांची, मजुरी, जीएसटी वेगवेगळं लिहून घ्या. 'छप्पर दुरुस्ती, एकरकमी' अशा बिलाला हमखास कात्री लागते. "क्लेमचं मी बघतो, बिल जरा वाढवून देतो," म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून वाटेला लावा. खोटं बिल पकडलं गेलं तर खरा क्लेमही बुडतो.

गृहकर्ज चालू असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि भरपाई आधी तिकडे जाऊ शकते. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बँकेत विचारा.

नकार आला की गप्प बसणं

नकाराचं कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र वर्षभराच्या आत जायला हवं. तक्रारीसोबत मेमधले फोटो, तुटक्या तुकड्यांचे फोटो आणि त्या दिवसाची हवामान खात्याची कुलाबा किंवा सांताक्रूझची नोंद जोडा.