कार्यालयाच्या कँटीनमध्ये वनस्पतिजन्य जेवण कसे रुजवावे

पुण्या-मुंबईतील बहुतेक कार्यालयांच्या कँटीनमध्ये ‘शाकाहारी’ अशी पाटी आधीपासूनच असते. पण त्या पाटीखाली आठवड्यातील तीन-चार दिवस पनीर, एखादा तळलेला पदार्थ, मैद्याची रोटी आणि पांढरा भात एवढेच मिळते. ज्या उसळी, पालेभाज्या आणि भाकऱ्यांवर आपल्या आज्या-पणज्यांनी घरे चालवली, त्या तिथे दिसत नाहीत. म्हणून येथे सांगायचे आहे ते मांसाहार बंद करण्याविषयी नव्हे. कोण काय खातो हा आपल्याकडे जातीधर्माशी जोडलेला नाजूक विषय आहे, आणि कोणाच्या ताटातील मासळी काढून घेतल्याने कोणाचे आरोग्य सुधारत नाही. कडधान्य, भाजी आणि भरड धान्य इतके चांगले शिजवावे की सहकारी ते आपणहून वाढून घेतील, एवढेच करायचे आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. सलग पाच कामाचे दिवस ताटांत उरलेले अन्न वेगळ्या बादलीत जमा करून रोज त्याचे वजन आणि जेवणाऱ्यांची संख्या वहीत लिहावी, आणि कोणता पदार्थ सर्वाधिक टाकला गेला तेही नोंदवावे. कचराभूमीत दबलेले अन्न हवेविना कुजते आणि त्यातून वातावरण तापवणारा मिथेन वायू निघतो. त्यामुळे शहराचे भले करण्याची कामगारांच्या आणि कंपनीच्या हातातील सर्वात सोपी वाट या बादलीतूनच जाते.

त्यानंतर कर्मचारी, स्वयंपाकी आणि ठेकेदार यांची छोटी समिती करावी. कारखाने अधिनियम, १९४८ मध्येही कँटीनच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधींना स्थान देण्याची तरतूद होती, तेव्हा ही काही नवी कल्पना नव्हे. समितीत आचाऱ्याला मानाने बसवावे, कारण पुढचे सगळे त्याच्या हातावर अवलंबून आहे.

आता मुख्य काम, म्हणजे कडधान्ये. आठवड्यातील पनीरचे दोन दिवस मटकी, चवळी, मसूर, हरभरा किंवा वालाच्या उसळीला द्यावेत. एक किलो पनीरला साधारण पाच-सहा लिटर दूध लागते आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो. उलट कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि शेतकऱ्याचे खत वाचते. दोनशे माणसांसाठी माणशी चाळीस ग्रॅम कोरडी मटकी धरली, तर आठ किलो पुरते. बुधवारच्या जेवणासाठी ती सोमवारी सकाळी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावी, संध्याकाळी उपसून ओल्या पंच्यात सैल बांधावी आणि मंगळवारी दिवसभर मोड येऊ द्यावेत. उन्हाळ्यात मोड लवकर येतात आणि वासही लवकर लागतो, म्हणून मोड आले की ती शीतकपाटात ठेवावी. मोडांना आंबूस वास आला किंवा ती चिकट लागली, तर ती सरळ टाकून द्यावी. फोडणीत कांदा आणि गोडा मसाला, शेवटी आमसूल व थोडा गूळ, आणि वाढताना वरून कोथिंबीर: उसळीला एवढे पुरते. सोबत लिंबाची फोड अवश्य असावी, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतील लोह अंगी लागते. याच कारणासाठी जेवणानंतर लगेच मिळणारा चहा तासभर पुढे ढकलावा. चहातील टॅनिन लोहाचे शोषण कमी करते.

भाकरीचा प्रश्न अवघड आहे, हे आधीच मान्य करावे. दोनशे भाकऱ्या थापायला अनुभवी हात लागतात, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्याने गार भाकरी कडक होते. रोज भाकरी देण्याचा अट्टहास करू नये. आठवड्यातून दोन दिवस जवळच्या महिला बचत गटाकडून ती घ्यावी, ऐन जेवणाच्या वेळी मागवावी आणि सुती कापडात गुंडाळून झाकलेल्या डब्यात ठेवावी. एरवी नाश्त्याला भाजणीचे थालीपीठ आणि नाचणीचे आंबील सहज जमते. रब्बीची ज्वारी जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाण्याची चणचण असलेल्या आपल्या राज्यात ताटात ज्वारी येणे म्हणजे पाण्याचीही काळजी घेणे होय.

भाज्यांची यादी वर्षभरासाठी एकच छापू नये. पुण्याच्या आसपास हिवाळ्यात मटार, मेथी, गाजर आणि पावटा येतो. पावसाळ्यात पालेभाजीत माती व किडी असतात, तेव्हा दुधी, दोडका, पडवळ आणि घेवडा बरा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. ठेकेदाराशी करार करताना म्हणूनच केवळ दर ताटाचा भाव ठरवू नये. माणशी भाजीचे, तेलाचे आणि मिठाचे मापही लिहून घ्यावे आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्यास स्पष्ट मनाई करावी. पनीरवर वाचलेला पैसा भाजीवर आणि स्वयंपाकघरातील माणसांच्या मजुरीवर खर्च व्हावा, असे मला मनापासून वाटते.

मांडणीकडेही लक्ष द्यावे. रिकामे ताट घेतलेल्या माणसाला प्रथम जे दिसते ते तो भरपूर घेतो, म्हणून उसळ, भाजी आणि कोशिंबीर आधी आणि तळण शेवटी ठेवावे. ‘पथ्याचे जेवण’ अशी पाटी लावू नये. ‘मोडाच्या मटकीची उसळ, गरम भाकरी, ठेचा’ असे लिहिले की भूक आपोआप लागते.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. म्हणून ताक आणि दही कँटीनमधून काढू नये, आणि जे सहकारी दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची सोय करावी. कडधान्यांची सवय नसलेल्यांचे पोट सुरुवातीला फुगते. त्यांनी मूग आणि मसुरापासून सुरुवात करावी, आणि आचाऱ्याने हिंग-आले सढळ हाताने वापरावे.

तीन महिन्यांनी तीच बादली पुन्हा पाच दिवस काट्यावर ठेवावी आणि वहीतील जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी. जी भाजी अजूनही उरते ती सहकाऱ्यांच्या तोंडून समजून घ्यावी: खारट झाली, गार होती, की दोडका नकोच आहे? उत्तर ऐकताना आचाऱ्याने तिथेच उभे असावे, आणि पुढच्या आठवड्याची यादी त्याच वेळी दुरुस्त करावी.