मृगाआधी एकदा माथा चढून या
(दक्षिण कोकण, मे अखेर ते जून : काजू, पोफळी म्हणजे सुपारी, नवी रबर लागवड)

काजूचा हंगाम संपला की बागायतदार एकतर खताच्या दुकानात सापडतो, नाहीतर नवे खड्डे मारताना. बागेच्या वर डोंगराच्या माथ्याला कोणी जात नाही, आणि बाग दरडीखाली जाते ती तिथूनच.

दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात रबर, काजू आणि अननसासाठी सदाहरित रानाचे डोंगरच्या डोंगर मोकळे झाले. दोडामार्ग तालुक्यात उच्च न्यायालयाची २०१३ पासून वृक्षतोडबंदी आहे, तरी करवत थांबलेली नाही. तोडल्यानंतर पहिल्या पावसात काही होत नाही, दुसऱ्यातही नाही. मालक निर्धास्त होतो. पण ऐन, किंजळ, जांभूळ यांची मुळं झाड तोडल्यावरही दोन-तीन वर्षं माती धरून असतात, फुटवे राखले नाहीत तर मग कुजतात. नव्या काजूची मुळं तोवर तेवढी पसरलेली नसतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पावसापासून पुढची काही वर्षं खरी धोक्याची. जेसीबीने बुंधे उपटले असतील तर तेवढीही सवड नाही. जांभ्याखालची शेडी, म्हणजे चिकणमाती, पाणी प्यायली की साबणासारखी होते, वरचं सगळं तिच्यावरून घसरतं.

पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. मुसळधार पाऊस होताच, पण त्या उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखवलं. तेव्हा आपल्या उतारावर टप्पे पाडताना थोडं थांबा.

माथ्यावर रान शिल्लक असेल तर यंदा ते विकू नका. पैशाची नड असेल तर निवडून चार झाडं द्या, सरसकट नको. व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची झाडं तर कुठल्याही भावाला नको. रान तुटलंच असेल, तर मृग लागायच्या आत एवढं करा:

बुंधे उपटू नका. ऐन, किंजळ, जांभूळ यांना फुटवे येतात, ते राखा. फांद्या-पाला जाळू नका, उताराला आडवा रचून ठेवा.

लागवडीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर काढा. इथे बरेचजण चुकतात. पाणी मुरवायचे समतल चर कमी पावसाच्या मुलखात ठीक. आंबोलीच्या आसपास वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथल्या उघड्या तीव्र उतारावर ते पाणी साठवलं तर डोंगरच जड होतो. म्हणून चराला १०० फुटांना चार ते सहा इंच एवढाच उतार द्या आणि तोंड पक्क्या व्हाळात सोडा. शेजाऱ्याच्या बांधावर नव्हे, त्यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

पाऊस लागला की चराच्या खालच्या काठाने वाळ्याचे ठोंब अर्ध्या अर्ध्या फुटावर लावा. ठोंब व्हाळाकाठी फुकट मिळतात. दुकानदार 'माती धरून ठेवणारी' पावडर आणि ह्युमिकचे डबे पुढे करेल. उतार धरून ठेवणारी पावडर मी तरी पाहिलेली नाही. तणनाशकही नको. ग्रासकटरने वीतभर ठेवून गवत कापा, मुळं मातीत राहू द्या.

बाकीची कामं:
- काजू, पाच वर्षांवरील झाड : नत्र १ किलो, स्फुरद २५० ग्रॅम, पालाश २५० ग्रॅम (दापोली कृषी विद्यापीठाची मात्रा). मुसळधार पावसात खत टाकू नये.
- पोफळीच्या बागेतले पाट उपसणे.
- मेलेल्या फांद्या छाटून बोर्डो पेस्ट लावणे.
- रानात जाताना अंगभर कपडे, माकडताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवणे. माकडतापाची साथ २०१६ मध्ये दोडामार्गात आलेली आहे.

पोफळीवरच्या कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते तो रोग) पहिली फवारणी पाऊस लागण्याआधीच, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून. एक टक्का बोर्डो : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून तिसऱ्यात एकदम ओता. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हे घरी होतं, महागड्या बाटलीची गरज पडत नाही. माझा एक अंदाज सांगतो, विद्यापीठाने तो सांगितलेला नाही: वरचं रान तुटलेल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) गाळाने पाट तुंबतात, आणि कोळेरोग आधी तिथेच दिसतो. अशा बागेत फवारणी एका दिवसानेही लांबवू नका.

रान तुटलेल्या डोंगराखाली घर किंवा मांगर (शेतातली खोपी) असेल तर सलग दोन-तीन दिवसांच्या मुसळधार पावसात रोज दिवसाउजेडी नजर ठेवा. माथ्याला जमिनीत नवी भेग, एकाच बाजूला कललेली झाडं, दारं-खिडक्या अचानक घट्ट होणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा बंद होणं, यातलं एक जरी दिसलं तरी तलाठ्याला, सरपंचाला फोन करा आणि रात्रीची वाट न बघता लगेच माणसं-गुरं घेऊन त्या उतारापासून लांबच्या शाळेत किंवा वाडीत जा. भेगेत पाणी शिरू नये म्हणून वर प्लास्टिक टाकायचं असेल तर ते उजेडात, पाऊस थांबल्यावर, आणि एकट्याने नाही.