फसलेल्या रेट्रो प्रेमविनोदी चित्रपटाचे परीक्षण कसे लिहावे

जुना काळ उभा करणारा प्रेमविनोदी चित्रपट निराश करतो, तेव्हा त्यातील काळाच्या चुका मोजत बसण्याचा मोह आवरावा. परीक्षणाची सुरुवात एकाच प्रश्नाने करावी : ही कथा आजच्या काळात आणून ठेवली, तर तिचे काही बिघडते का? काहीच बिघडत नसेल, तर जुना काळ तेथे केवळ नेपथ्य म्हणून उभा आहे आणि निराशेचे मूळ बहुधा तेथेच सापडते.

हा निकष 1959 च्या ‘पिलो टॉक’ या अमेरिकी चित्रपटावर लावून पाहावा. त्यात गृहसजावटीचा व्यवसाय करणारी नायिका आणि गीतकार नायक यांच्यात दूरध्वनीची एकच सामाईक लाइन आहे. तिने रिसीव्हर उचलावा, तर हा कोणा मुलीशी गुलगुल बोलत असतो. दोघांचे भांडण एकमेकांना न पाहताच जुंपते आणि तिला त्याचा चेहरा ठाऊक नसल्यामुळेच तो पुढे दुसऱ्या नावाने तिच्यासमोर उभा राहू शकतो. ती सामाईक लाइन काढून टाकली, तर भांडण, सोंग आणि त्यातून निघणारा विनोद हे सारेच कोसळते.

आता 1978 मधील मराठवाड्यातले सेलू किंवा उदगीर डोळ्यांसमोर आणावे. परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसायचे, आणि फोन आडत्याच्या दुकानात असेल, तर हमालापासून मुनीमापर्यंत सर्वांच्या देखत बोलायचे. प्रेमविनोदी लेखकाला याहून मोठी देणगी कोणती हवी? तरीही तेथे घडणाऱ्या चित्रपटातील नायिका आपल्या खोलीत लाल फोन घेऊन रात्रभर निवांत बोलत असेल, तर तो फोन म्हणजे वायर जोडलेला मोबाइलच होय, असे परीक्षणात स्पष्ट लिहावे.

पहिल्यांदा पाहताना टिपणे काढू नयेत. मात्र बाहेर पडताच प्रेक्षक नेमके कोठे हसले आणि कोठे चुळबुळले, हे लिहून ठेवावे, कारण विनोदाच्या बाबतीत आपल्या एकट्याच्या हसण्यावर विसंबणे धोक्याचे असते. दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक प्रसंगासमोर, या दोघांना येथे कोण किंवा काय अडवते, एवढेच नोंदवावे. ही जागा वारंवार रिकामी राहिली, तर मध्यंतरानंतर चित्रपट का रेंगाळतो याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

तपशिलाच्या चुका त्यानंतर पाहाव्यात. 1978 च्या कथेत स्कूटरवर लातूरची ‘एमएच-24’ ही पाटी दिसली, तर चूक दुहेरी असते : ही मालिका 1989 ची आणि लातूर जिल्हाच मुळी 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झालेला. (अशाच एका पाटीवर मी एकदा अर्धे परीक्षण खर्ची घातले होते, वाचकांना चित्रपट कसा आहे हे शेवटपर्यंत कळले नाही.) पडद्यावरील सगळ्या दृश्यांवर हळदीसारखा पिवळा रंग फासणे मला पाटीहून अधिक खटकते, कारण त्या काळातील माणसांना ऊन काही पिवळट दिसत नव्हते.

भाषेसाठी मात्र स्वतंत्र परिच्छेद द्यावा. 1948 पूर्वी निजामाच्या राज्यात शिकलेल्या आजोबांच्या बोलण्यात उर्दूचा मागमूस नाही आणि नात घरातही ‘काय करायलास?’ असे न विचारता ‘काय करत आहेस?’ असे विचारते, तर ते घर मराठवाड्यातले वाटत नाही. 1978 च्याच जुलैत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. विनोदी चित्रपटाने त्याचा पट मांडावा, ही अपेक्षा गैर ठरेल. पण औरंगाबादच्या महाविद्यालयात त्या वर्षी दोघे प्रेमात पडतात आणि घरचे कोणी आडनावही विचारत नाही, हे मौन टिपल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. जात हीच तर या जोडप्यापुढची खरी अडचण होती.

कलावंतांविषयी लिहिताना पटकथेचा दोष त्यांच्या माथी मारू नये. एखाद्या दुय्यम नटाने अवघ्या दोन प्रसंगांत तो काळ जिवंत केला असेल, तर ते प्रसंग नेमके सांगावेत. शेवट उघड करू नये, मग तो पहिल्या दहा मिनिटांत ओळखता आला असला तरीही. मथळा सर्वांत शेवटी द्यावा आणि त्यात चित्रपटाच्या नावावर कोटी सुचलीच, तर ती खोडून टाकावी.