थंड वसंतातलं अलॉटमेंट: हिरवळीचं खत कधी गाडायचं, भाजी कधी लावायची

महाराष्ट्रात ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात आला की गाडतात आणि उबदार, ओल्या मातीत तो दोन-तीन आठवड्यांत कुजायला लागतो. ब्रिटनमध्ये अलॉटमेंट (भाजीसाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) घेतल्यावर हा हिशेब तसाच लावला तर फसगत होते. मार्चमध्ये इथली माती अनेकदा ६-७ अंशांवरच असते आणि कुजवणारे जीवाणू जेमतेम हलत असतात. म्हणून आधी भाजी लावायची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा. गाडलेलं कोवळं पीक कुजायला किमान चार आठवडे द्या, गारठा लांबला तर सहा.

मातीचा थर्मामीटर स्वस्त मिळतो. सकाळी नऊच्या सुमारास तो ५ ते १० सेंटीमीटर खोल खुपसा आणि सलग चार-पाच दिवस आकडा लिहून ठेवा. एखाद्या उन्हाच्या दुपारचा आकडा धरू नका.

शरद ऋतूत पेरलेलं पीक उभं असेल तर

बहुतेक वाफ्यांत ग्रेझिंग राय (गव्हासारखं दिसणारं धान्य) आणि व्हेच (वाटाण्याच्या कुळातली वेल) यांचं मिश्रण असतं. राय पोटरीवर येण्याआधी, साधारण २०-३० सेंटीमीटर उंचीवर कापा. उशीर झाला तर काड्या चिवट होतात. त्या कुजवताना जीवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि नंतर लावलेली भाजी पिवळी पडते.

कापलेला पाला दोन दिवस सुकू द्या, मग कुदळीने तुकडे करून १५ सेंटीमीटर खोल गाडा, त्याहून खोल नको. माती बुटांना चिकटत असेल तर त्या दिवशी खणूच नका. ओल्या चिकणमातीची ढेकळं उन्हाळाभर फुटत नाहीत. खणायचं नसेल तर पीक कापून वर काळी ताडपत्री अंथरा, कडा विटांनी दाबा आणि सहा ते आठ आठवडे थांबा. नुसती कापलेली राय मात्र पुन्हा फुटते, ती उघडी सोडू नका.

रायच्या कुजणाऱ्या अवशेषांतून निघणारी द्रव्यं बारीक बियांची उगवण रोखतात. त्या वाफ्यात गाजर किंवा पार्सनिप (गाजरासारखं पांढरं कंद) पेरायचं असेल तर गाडल्यापासून पूर्ण चार आठवडे जाऊ द्या. तयार रोपं, कांद्याचे सेट (लावायचे छोटे कांदे) आणि बटाटे यांना त्याचा फारसा त्रास होत नाही.

वाफा रिकामा असेल तर

जूनमध्ये कुर्जेट (झुकिनी) किंवा लीक (कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी) लावायच्या जागी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये झटपट वाढणारं पीक घ्या. मोहरी चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम, फॅसेलिया (जांभळ्या फुलांचं हिरवळीचं पीक) २-३ ग्रॅम, मेथी ५ ग्रॅम. बी फोकून वरवर रेकने ओढा, हलकं दाबा आणि कबुतरांपासून वाचवायला वर फ्लीस (बागेचं पातळ कापड) टाका. सहा ते आठ आठवड्यांनी, फुलं येण्याआधी, पीक गाडा.

मोहरी कोबीच्याच कुळातली. क्लबरूट (कोबीवर्गाची मुळं फुगवणारा रोग) असलेल्या जमिनीत किंवा कोबी-फ्लॉवरच्या आधी ती नकोच. मेथीला वाण्याकडचे दाणेही चालतात, सहसा चांगले उगवतात, आणि गाडण्याआधी दोन जुड्या घरी नेता येतात. पण मेथी द्विदल आहे म्हणून नत्र मिळेल असं धरू नका: तिच्या मुळांवर गाठी बांधणारे जीवाणू ब्रिटिश मातीत सहसा नसतात. इथे ती फक्त पाला देते. नत्रासाठी व्हेच किंवा फील्ड बीन (ब्रॉड बीनचा लहान दाण्याचा प्रकार) बरे. बकव्हीट (कुट्टू) फ्रॉस्टमध्ये (रात्रीचा गोठवणारा गारठा) मरतो, त्याला मे महिन्याची वाट पाहू द्या.

भाजी कोणत्या क्रमाने

माती ५ अंशांवर स्थिरावली की ब्रॉड बीन ५ सेंटीमीटर खोल, २०-२३ सेंटीमीटर अंतरावर टोका. कांद्याचे सेट १० सेंटीमीटर अंतरावर, टोक जेमतेम दिसेल असे लावा. पक्षी ते उपटून टाकतात, म्हणून मुळं धरेपर्यंत जाळी हवी. फेब्रुवारीत कोंब आणायला ठेवलेले फर्स्ट अर्ली (सर्वांत आधी तयार होणारे) बटाटे माती ८ अंशांच्या पुढे, १२ सेंटीमीटर खोल, ३० सेंटीमीटरवर लावा. कोंब वर आल्यावर फ्रॉस्टचा अंदाज असेल तर संध्याकाळीच मातीची भर द्या. पानं काळी पडली तरी झाड उपटू नका, खालून पुन्हा फुटतं.

वाटाणा आणि घेवडा ताज्या गाडलेल्या वाफ्यात थेट पेरू नका. कुजणाऱ्या पाल्याच्या वासाने बीन सीड फ्लाय अंडी घालायला येते आणि थंडीत रेंगाळलेलं बी तिच्या अळ्या आतून पोखरतात. वाटाण्याची रोपं ट्रेमध्ये किंवा जुन्या पन्हळीत तयार करा. गोगलगायींनाही हा ओला पाला आवडतो, त्यामुळे कोवळी लेट्युस शेजारी नको.

घेवड्याला १२ अंश माती लागते. शेवटचा फ्रॉस्ट दक्षिण इंग्लंडात साधारण मेच्या मध्यापर्यंत, स्कॉटलंडच्या उंच भागात जूनच्या सुरुवातीपर्यंत पडू शकतो. कुर्जेट, घेवडा आणि दुधीची रोपं त्यानंतरच बाहेर लावा, आणि लावण्याआधी सात ते दहा दिवस ती दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून सोसायला शिकवा. दुधी तरीही पॉलिटनलमध्येच (प्लास्टिकने झाकलेला बोगदा) लावा, आणि भेंडीही.